कळतं, पण वळत नाही : समुपदेशन आणि योगोपचार एकत्र कसे चालतात

समुपदेशनाच्या सात-आठ भेटी झाल्या की बरेच जण एकाच वाक्याशी येऊन थांबतात : 'मला सगळं कळतं हो, पण वळत नाही.' हे वाक्य गांभीर्याने घेण्यासारखं आहे. त्यात आळस नाही की निश्चयाची कमतरता नाही. कळणं आणि वळणं ही शरीरात दोन वेगळ्या ठिकाणी घडणारी कामं आहेत, एवढंच ते वाक्य सांगतं.

उदाहरण म्हणून असा माणूस डोळ्यांपुढे आणा, ज्याला मोठ्या भावाला नाही म्हणता येत नाही. भाऊ पैसे मागतो, कामं सांगतो, आणि हा दर वेळी 'हो दादा, बघतो' म्हणतो आणि मग रात्रभर तळमळतो. समुपदेशनात त्याने याचा माग काढलाय. लहानपणी घरात कुणाचा आवाज चढला की गप्प राहण्यातच शहाणपण होतं. आता तो चाळिशीचा आहे, कमावता आहे, नाही म्हणायचा आपल्याला हक्क आहे हे त्याला पूर्ण पटलंय. तरी फोनवर दादाचं नाव उजळलं की पोटात गोळा येतो, घसा आवळतो, श्वास वरच्यावर अडकतो आणि तोंडातून 'हो' निघून जातं. नाव दिसल्यापासून 'हो' म्हणेपर्यंतचे ते तीन-चार सेकंद नुसत्या चर्चेच्या हाती लागत नाहीत.

हाच माणूस फक्त योगवर्गाला गेला तर? तासभर बरं वाटेल, झोपही सुधारेल. पण दादाचा फोन आला की पुन्हा तेच, कारण त्या फोनशी काय जोडलं गेलंय याचा विचार वर्गात कुणी केलेला नसतो. समुपदेशनाला शरीराची दोरी सापडत नाही आणि योगाला गोष्टीचा धागा. दोन्ही एकत्र करायचं म्हणजे या दोन दोऱ्या एकाच सत्रात, ठरलेल्या क्रमाने हातात घ्यायच्या. आधी बोलणं आणि नंतर थोडे व्यायाम असं नुसतं शेजारी-शेजारी ठेवून भागत नाही.

शरीराला आधी का विचारायचं?

भीती किंवा राग चढला की हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आखडतात, श्वास छातीच्या वरच्या भागात चालतो. त्या वेळी मेंदूचा पुढचा भाग, जिथे तोलून-मापून विचार होतो, मागे पडतो आणि धोक्याची घंटा वाजवणारा जुना भाग पुढे येतो. अशा अवस्थेत माणसाला कितीही समजूतदार गोष्ट सांगा, ती कानावरून जाते. म्हणून समुपदेशनातला उत्तम प्रश्नही चुकीच्या क्षणी विचारला तर वाया जातो.

शरीराच्या आपोआप चालणाऱ्या कामांपैकी श्वास हे एक काम असं आहे, जे आपोआपही चालतं आणि मनात आलं तर हातातही घेता येतं. पचन किंवा ठोके असे थेट हातात येत नाहीत. श्वास आत घेताना ठोके किंचित वाढतात, सोडताना किंचित मंदावतात. हे स्वतः तपासता येतं : मनगटावरची नाडी दोन बोटांनी धरा, सावकाश श्वास घ्या, त्याहून सावकाश सोडा. बऱ्याच जणांना सोडण्याच्या उत्तरार्धात दोन ठोक्यांमधलं अंतर वाढल्याचं बोटांखाली जाणवतं. हा मेंदूतून निघणाऱ्या वेगस नावाच्या दहाव्या चेतानसेचा परिणाम आहे. या नसेतले बहुतांश तंतू शरीराकडून मेंदूकडे बातमी नेणारे आहेत. म्हणजे छाती-पोटाकडून वर जाणारी बातमी बदलली तर मेंदूचा अंदाजही बदलू शकतो.

योगपरंपरेला हा संबंध नवा नाही. पतंजलीच्या योगसूत्रांच्या पहिल्या पादात चित्तविक्षेपाचे, म्हणजे मन विचलित होण्याचे, सोबती म्हणून दुःख आणि खिन्नतेच्या जोडीला अंगाचा कंप आणि बिघडलेले श्वास-प्रश्वास सांगितले आहेत. मनाचा त्रास आणि श्वासाची लय तिथे एकाच यादीत बसलेली आहेत.

आधुनिक अभ्यासांपैकी २०१४ मधला बेसेल व्हॅन डर कोल्क आणि सहकाऱ्यांचा अभ्यास इथे महत्त्वाचा आहे. जुन्या, इतर उपचारांना दाद न देणाऱ्या आघातोत्तर ताणविकाराच्या (पीटीएसडी) ६४ स्त्रियांना दोन गटांत विभागलं होतं. एका गटाला १० आठवडे, आठवड्यातून एक तास, आघाताचं भान ठेवून शिकवलेला योग दिला. दुसऱ्या गटाला आरोग्य-शिक्षणाचे वर्ग. शेवटी योगगटातल्या ३१ पैकी १६ जणी त्या विकाराच्या निकषांत बसत नव्हत्या, दुसऱ्या गटात २९ पैकी ६. हा योग चालू उपचारांना जोड म्हणून दिला होता, त्याऐवजी नव्हे. ही अट विसरून पुष्कळ जाहिराती लिहिल्या जातात, आणि त्यातून लोकांचं नुकसान होतं.

तापलेलं आणि थिजलेलं

कोणता योगाभ्यास द्यायचा हे निदानाच्या नावावरून ठरत नाही. माणूस या क्षणी कुठे आहे त्यावरून ठरतं. डॅनियल सीगल या मानसोपचारतज्ज्ञाने १९९९ मध्ये मांडलेली एक कल्पना इथे फार उपयोगी पडते. प्रत्येकाचा एक सहन होण्याचा पट्टा असतो. त्या पट्ट्यात असताना भावना जाणवतातही आणि विचारही करता येतो. पट्ट्याच्या वर गेलं की माणूस तापतो : धडधड, थरथर, भराभर बोलणं, रडू न आवरणं. खाली गेलं की थिजतो : अंग बधिर, आवाज सपाट, नजर एका जागी, 'काही वाटतच नाही' असं उत्तर. दुरून पाहिलं तर थिजलेला माणूस शांत वाटतो, आणि नेमकी इथेच सगळ्यात मोठी चूक होते. त्याला शवासनात झोपवून डोळे मिटायला सांगितलं की तो आणखी खाली जातो.

तापलेल्या माणसाला सगळे जण 'दीर्घ श्वास घे' सांगतात. हा सल्ला बऱ्याचदा उलटतो. घाबरलेला माणूस आधीच गरजेपेक्षा जास्त हवा आत-बाहेर करत असतो. त्यात आणखी मोठे श्वास घेतले की रक्तातला कार्बन डायऑक्साइड अधिक खाली जातो, मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, बोटांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात, गरगरतं. त्याला वाटतं झटका वाढला. सांगायचं ते असं : श्वास लहान असला तरी चालेल, सोडायचा मात्र सावकाश.

पद्धत अशी. खुर्चीत बसायचं, पाठ टेकली तरी चालेल, तळपाय पूर्ण जमिनीवर. पहिला मिनिट काहीही बदलायचं नाही, फक्त श्वास मोजायचे. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे मिनिटाला साधारण १२ ते २० असतात. किती आले ते लिहून ठेवायचं. मग नाकाने ३ अंक आत, ४ अंक बाहेर, दोन मिनिटं. सहज जमलं तर ४ आत, ६ बाहेर. एक अंक म्हणजे एक सेकंद धरला तर ही १० सेकंदांची फेरी होते, मिनिटाला ६ श्वास. अशी पाच मिनिटं पुरतात. मध्ये श्वास रोखायचा नाही. हवा कमी पडतेय असं वाटलं, किंवा मध्येच मोठा सुस्कारा आला, तर गती झेपेल त्याहून हळू झाली आहे. मुकाट्याने ३-४ वर परत यायचं. काहींना श्वासाकडे लक्ष दिलं की उलट घुसमट होते. त्यांना श्वासाचं नावही काढू नये. त्यांना सौम्य भ्रामरी द्यावी, खालच्या पट्टीत, पाच ते सात वेळा, कान बंद न करता. गुणगुणताना श्वास आपोआप लांब सुटतो आणि लक्ष आवाजावर राहतं.

थिजलेल्या माणसाला याच्या उलट लागतं. त्याला उभं करायचं, डोळे उघडे ठेवायचे. भिंतीपासून हातभर अंतरावर उभं राहून दोन्ही तळवे खांद्याच्या उंचीला भिंतीवर, कोपरं किंचित वाकलेली, आणि श्वास सोडताना भिंत खरोखर ढकलायची. पाच-सहा श्वास झाले की हात खाली सोडून विचारायचं, 'दंडात आत्ता काय जाणवतंय?' ऊब, मुंग्या, जडपणा, काहीही उत्तर चालतं. 'काही नाही' हेही चालतं. मग ताडासनात हात वर नेताना टाचा उचलणं, सहा ते आठ वेळा. मग मोठ्याने 'आ'कार. लांब शवासन, अंधारी खोली, अर्ध्या तासाची योगनिद्रा या गोष्टी या टप्प्यावर नकोत.

एक सत्र, मिनिटा-मिनिटाने

साठ मिनिटांचं सत्र धरू. पहिली पाच मिनिटं : आत्ताचा त्रास ० ते १० मध्ये किती, आणि शरीरात कुठे. 'कुठे' हा प्रश्न मराठी माणसाला अवघड जात नाही, कारण आपली भाषाच तशी आहे. पोटात खड्डा पडतो, ऊर भरून येतो, हातपाय गळतात, घशाशी आवंढा येतो. ज्याला भावनेचं नाव सांगता येत नाही तोही जागा सांगतो, आणि तिथून सुरुवात होते.

पुढची दहा मिनिटं अवस्थेप्रमाणे वरच्यापैकी एक अभ्यास. एकच, तीन-चार नव्हेत. मग साधारण पंचवीस-तीस मिनिटं समुपदेशन. या काळातही शरीर बाजूला पडत नाही. बोलता-बोलता माणसाचा अंगठा मुठीत गेला, जबडा घट्ट झाला, वाक्याच्या शेवटी हवा संपायला लागली, की समुपदेशक थांबून विचारतो, 'आत्ता किती आहे?' ७ च्या पुढे गेलं तर कहाणी तिथेच थांबवायची. तळपाय जमिनीवर दाबायचे, खोलीतल्या पाच वस्तू नजरेने टिपायच्या, आकडा ५ च्या आसपास आला की पुढे जायचं. सगळं एका बैठकीत ओकून टाकलं म्हणजे मोकळं होतं, ही समजूत घातक आहे. आकडा ९ वर असताना केलेलं कथन बहुतेकदा त्या आघाताची उजळणी ठरतं.

आता त्या भावाच्या फोनकडे या. दोन धागे जिथे गुंफले जातात ती जागा ही. समुपदेशनात वाक्य तयार होतं : 'दादा, या वेळी मला जमणार नाही.' ते बसून म्हणायला लावलं की तो शेवटी हसतो, किंवा त्याला सात कारणं जोडतो. मग उभं राहून, तळवे भिंतीवर, श्वास सोडता-सोडता भिंत ढकलत तेच वाक्य. पहिल्यांदा आवाज घशातच राहतो. दुसऱ्यांदा खांदे कानांकडे जातात. ते सोडायला सांगायचे. चौथ्या-पाचव्या वेळी वाक्य पोटातून येतं आणि पूर्णविरामावर थांबतं. तेव्हा लगेच पुढे जायचं नाही. तो जिथे उभा आहे तिथेच अर्धा मिनिट राहायचं आणि विचारायचं, 'आत्ता अंगात कसं वाटतंय?' नाही म्हणताना शरीर खंबीर राहू शकतं, ही नोंद त्या अर्ध्या मिनिटात होते. घाई केली तर सगळा खटाटोप फुकट जातो. सुरुवात मात्र दादापासून करायची नाही. ज्यात त्रासाचा आकडा ३-४ च असतो असा प्रसंग आधी घ्यायचा, जसं की सहकाऱ्याने ऐन वेळी गळ्यात मारलेलं काम.

शेवटची दहा मिनिटं आवरण्याची. पुन्हा श्वास किंवा पाच-सात मिनिटांचं शवासन. डोळे उघडे ठेवले तरी चालतात, कुशीवर झोपलं तरी चालतं. आकडा परत विचारायचा. सुरुवातीपेक्षा वर असेल तर माणसाला तसंच घरी पाठवू नये. थोडं चालवावं, पाणी द्यावं, पुढच्या दोन तासांचा कार्यक्रम विचारावा.

घरी रोज १० मिनिटं, ठरलेल्या वेळी, आणि तीही बरं वाटत असताना. हे पुन्हा-पुन्हा सांगावं लागतं. फक्त त्रास झाल्यावर केलेला अभ्यास म्हणजे आग लागल्यावर विहीर खणणं.

कुठे चुकतं

शिक्षकाची भाषा ही पहिली जागा. 'डोळे मिटा, शरीर सैल सोडा' हा हुकूम आघात सोसलेल्या माणसाला धोक्याचा वाटू शकतो, कारण कधीतरी सैल सोडल्यावर किंवा डोळे मिटल्यावरच त्याच्यावर काहीतरी ओढवलेलं असतं. 'वाटलं तर डोळे मिटा, नाहीतर समोर जमिनीकडे पाहा' असं म्हटलं की निवड त्याच्या हातात राहते. हात लावून आसन सुधारणं टाळावंच. एकदा घेतलेली परवानगी कायमची धरू नये.

दुसरी चूक अधिक सूक्ष्म आहे आणि ती चांगल्या साधकांकडूनही होते. राग आला की लगेच प्राणायाम, दुःख आलं की लगेच साक्षीभाव. भावना जाणवायच्या आधीच तिच्यावर शांतता पसरवली जाते आणि माणूस वर्षानुवर्षे 'मी सगळ्यांना माफ केलंय' म्हणत राहतो, जबडा मात्र आवळलेलाच. इथे योग थोडा कमी करून बोलणं वाढवावं लागतं.

तिसरी चूक घबराटीच्या विकारात होते. गर्दीची किंवा लिफ्टची भीती घालवायला समुपदेशक त्या प्रसंगाला थोडं-थोडं सामोरं जायला लावतो. भीती चढते, काही वेळाने आपोआप उतरते, आणि हे अनुभवणं हाच उपचार असतो. प्रत्येक वेळी श्वास मोजत ती भीती दाबली तर मेंदू शिकतो की लिफ्ट धोक्याचीच होती, श्वासामुळे वाचलो. म्हणून अशा सरावाच्या वेळी श्वासाचा अभ्यास बाजूला ठेवावा आणि तो रोजच्या दहा मिनिटांपुरता राखावा. समुपदेशक आणि योगोपचारक एकमेकांशी बोलत नसतील तर एक जण बांधतो आणि दुसरा सोडतो.

शवासनात कुणी रडू लागलं तर घाबरण्यासारखं नसतं, आणि 'आता सगळं बाहेर पडतंय' असा अर्थही लावू नये. कुशीवर वळवावं, डोळे उघडायला सांगावं, जवळ बसावं. का रडू आलं ते समुपदेशनाच्या वेळेत पाहावं. अमुक आसनाने अमुक अवयवात साठलेलं दुःख सुटतं, अशा विधानांना ठोस आधार नाही. ती रुग्णाला सांगू नयेत.

औषधं आणि सावधगिरी

कपालभाती, भस्त्रिका आणि कुंभक (श्वास रोखणं) हे घबराटीचे झटके, उच्च रक्तदाब, हृदयविकार, अपस्मार आणि गरोदरपण यांत टाळावेत. काचबिंदूत डोकं खाली जाणारी आसनं नकोत. द्विध्रुवी (बायपोलर) विकारात जलद श्वसनक्रियांनी उन्माद चाळवू शकतो. भास-भ्रम असतील तर लांब मौन ध्यान आणि योगनिद्रा टाळून डोळे उघडे ठेवून, साध्या हालचालींवर भर द्यावा, तोही मानसोपचारतज्ज्ञाला विचारून. लिथियम चालू असताना घाम काढणारा, तापलेल्या खोलीतला योग धोक्याचा, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातली लिथियमची पातळी चढते. रक्तदाबाच्या आणि काही नैराश्याच्या औषधांनी एकदम उठल्यावर चक्कर येते. म्हणून शवासनातून कुशीवर, मग बसून, मग उभं, प्रत्येक टप्प्यावर काही श्वास. बरं वाटू लागलं म्हणून औषध स्वतःहून थांबवायचं नाही. काही औषधं अचानक सोडली की चक्कर, चिडचिड, झोपमोड सुरू होते आणि दोष योगावर जातो.

आत्महत्येचे विचार, खाणं-पिणं सुटणं, वास्तवाचं भान जाणं, या वेळी आधी वैद्यकीय मदत, त्याच दिवशी. बाकी सगळं नंतर.

प्रगती मोजताना 'बरं वाटतंय' एवढ्यावर विसंबू नये. नैराश्यासाठी नऊ प्रश्नांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आहे, गुण ० ते २७. चिंतेसाठी सात प्रश्नांची जीएडी-७, गुण ० ते २१. दोन्ही मागच्या दोन आठवड्यांविषयी विचारतात, म्हणून दर आठवड्याला नाही तर दोन ते चार आठवड्यांनी भराव्यात. पीएचक्यू-९ मध्ये पाच गुणांचा फरक दखल घेण्याजोगा मानतात. सहा ते आठ आठवड्यांत काहीच हललं नाही तर योजना बदलायला हवी. नववा प्रश्न जिवाला इजा करण्याच्या विचारांचा आहे. तिथे शून्याव्यतिरिक्त काहीही आलं तर एकूण गुण कितीही असोत, त्याच भेटीत त्यावर बोलायचं.

दोन्ही कामं एकच व्यक्ती करत असेल तर तिचं दोन्हींतलं रीतसर शिक्षण आहे का ते थेट विचारावं. योगशिक्षकाचा काही आठवड्यांचा अभ्यासक्रम म्हणजे समुपदेशनाची पात्रता नव्हे, आणि मानसशास्त्राची पदवी म्हणजे योगोपचाराची नव्हे. दोघं वेगळे असतील तर काय सांगायचं आणि काय नाही याची लेखी संमती पहिल्याच आठवड्यात घ्यावी. योगोपचारकाला कहाणी कळायची गरज नसते. कोणत्या स्थितीत त्रास वाढतो, आकडा किती आहे, या आठवड्यात कशावर काम चालू आहे, एवढं पुरतं.

त्या धाकट्या भावाच्या वहीत दहाव्या आठवड्यात जी नोंद दिसावी अशी अपेक्षा असते, ती साधारण अशी : 'दादाचा फोन. पोटात गोळा, जबडा घट्ट. आकडा ६. तीन वेळा वाजू दिला. तळपाय दाबले, एक श्वास सोडला. म्हणालो, दादा, विचार करून संध्याकाळी सांगतो.'